डरहॅमच्या मैदानावरचा चकणा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका परमिट रूममध्ये मी ३१ वर्षं काढली. सुरुवात टेबल पुसण्यापासून, मग वेटर, आणि शेवटची १८ वर्षं गल्ल्यावर. या धंद्यातला माणूस कुठंही गेला तरी त्याची नजर आधी ताटाकडं जात नाही, फडक्याकडं जाते. फडकं स्वच्छ आणि कोरडं असेल तर पुढचं बरं असणार, हा आमचा हिशेब. तेव्हा मी जे सांगणार आहे ते बेसबॉलबद्दल नाही. बेसबॉल मला अजून निम्माच कळतो. मी सांगणार आहे अमेरिकेतल्या डरहॅम गावच्या बेसबॉलच्या मैदानावरच्या बिअरबद्दल आणि चकण्याबद्दल, आणि त्यात मला कुणी शिकवायला येऊ नये.

मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, केरीला असतो. आम्ही नवरा-बायको उन्हाळ्यात आलो, सहा महिन्यांसाठी. केरी आणि मॉरिसविल इथं आपली माणसं इतकी की संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालं तरी कुणाचे ना कुणाचे आई-वडील भेटतातच, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, वेळ जात नाही. मग पोरं त्यांना शनिवारी मॉलला नेऊन सोडतात. मी मुलाला सांगितलं, मला दुकानं दाखवू नको, माणसं बसून खातात-पितात तिथं ने. त्यानं डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर नेलं. त्यानंतर मीच त्याच्या मागं लागून आणखी तीनदा गेलो.

मायनर लीग म्हणजे काय, तर मोठ्या लीगच्या खालची पायरी. डरहॅम बुल्स हा टॅम्पा बे रेज या संघाचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे अगदी उंबऱ्यावरची पोरं. आज इथं खेळणारा उद्या टीव्हीवर. आपल्याकडची रणजी म्हणा, पण रणजीला बघायला माणूस नसतो आणि इथं बायका-पोरं, आजी-आजोबा, तान्ही बाळं, सगळं गाव लोटतं. मैदान १९९५ चं, साधारण १०,००० खुर्च्यांचं. लेफ्ट फील्डला ३२ फूट उंच निळी भिंत आणि तिच्यावर एक भला मोठा वळू. आपल्या संघानं होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला की वळूचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकातून धूर निघतो. त्याच्या अंगावर लिहिलंय : वळूला चेंडू मारा, स्टेक जिंका. खाली गवतावर लिहिलंय : गवताला मारा, सॅलड जिंका. ही पाटी मुळात १९८८ च्या ‘बुल डरहॅम’ सिनेमासाठी जुन्या मैदानावर लावली होती, आणि लोकांना इतकी आवडली की नव्या मैदानावरही तिची नवी आवृत्ती आली. बायको बराच वेळ त्या वळूकडं बघत होती. मग म्हणाली, “बैलपोळ्याच्या गावची माणसं आपण, आणि इथं बैलालाच सांगतात की तुझं स्टेक करू.” मी म्हटलं, “बैल नाही, वळू आहे तो.” ती म्हणाली, “त्याला काय फरक पडतोय.”

मला मात्र त्या जागेत शिरल्या शिरल्या घरच्यासारखं वाटलं, आणि त्याचं कारण वळू नाही. मैदानाला लागून जुना तंबाखूचा कारखाना आहे, अमेरिकन टोबॅको कंपनीचा. लाल विटांच्या इमारती, उंच धुराडं, पाण्याची टाकी, दोन्हींवर ‘लकी स्ट्राइक’ या सिगारेटचं नाव. १९८७ ला कारखाना बंद पडला, आणि २००४ पासून तिथं ऑफिसं, हॉटेलं, मधून पाण्याचा पाट. इथला संघ १९०२ ला सुरू झाला तेव्हा त्याचं नावच ‘टोबॅकोनिस्ट्स’ होतं, म्हणजे तंबाखूवाले. आमची आई विड्या वळायची. सोलापुरात आमच्या वाड्यात दर दुसऱ्या घरी सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं असायची. आमच्या बंद पडलेल्या गिरण्यांचं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. इथं त्या भिंती धुऊन-पुसून उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत लोक बिअर पितात. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

असो. बिअर.

पहिल्या दिवशी मला मिळालीच नाही. चूक माझी. मुलगा निघताना म्हणाला होता, “बाबा, पासपोर्ट घ्या.” मी म्हटलं, माझे केस बघ, दात बघ, मला कोण वय विचारतंय. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. माझ्या मागं एक ८० च्या घरातले आजोबा काठी टेकत उभे होते, त्यांनीही मुकाट्यानं पाकीट उघडून कार्ड पुढं केलं. २१ वर्षं पूर्ण असल्याचा कागद दाखवा, मग बोला. मी ३१ वर्षं परमिट रूममध्ये होतो. आमच्याकडं पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांचा, आणि तो परवाना बहुतेक पिणाऱ्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. मी कुणाला सांगणार? लिंबू सरबत घेतलं. परतताना पेट्रोल पंपावरच्या दुकानात एका लालभडक बाटलीवर ‘चीअरवाइन’ असं नाव दिसलं. म्हटलं, चला, वाइन तर वाइन. गाडीत झाकण उघडून मोठा घोट घेतला, तर चेरीचा सोडा! १९१७ पासून याच राज्यातल्या सॉल्सबरी गावात तयार होतो म्हणे, आणि लोकांना त्याचा मोठा अभिमान आहे. आमच्याकडच्या गोळीच्या सोड्याची आठवण यावी इतका गोड. नातू अजून मला ‘वाइनवाले आजोबा’ म्हणतो.

दुसऱ्या खेपेला पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, पोटाशी.

आता या मैदानाची खरी ऐट सांगतो. त्यांची स्वतःची बिअर आहे, बुल डरहॅम बिअर कंपनी, आणि ती मैदानाच्या आवारातच तयार होते. मी सगळा जन्म पेट्या उतरवून घेण्यात घालवला. ट्रक यायचा, बाटल्या मोजायच्या, फुटलेल्या वेगळ्या काढायच्या, तारीख बघायची. बिअर कुठून तरी लांबून येते, एवढंच आमचं ज्ञान. इथं मी स्टीलच्या उंच टाक्या बघितल्या आणि दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो. मुलाला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

मी घेतली ती कोल्श. ही जर्मनीतल्या कोलोन शहराची जात. एल आणि लागर या बिअरच्या दोन मोठ्या जाती. हिचं यीस्ट एलचं, पण नंतर लागरसारखी थंडीत मुरवलेली, म्हणून अंगानं हलकी आणि रंगानं गव्हाच्या काडीसारखी. जुलैतली संध्याकाळ, सूर्य अजून डोक्यावरून उतरलेला नाही, हवेत इतका ओलावा की सोलापूरचा कोरडा उन्हाळा परवडला म्हणावं, आणि त्यात ही. पहिला घोट घशाखाली गेला आणि मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची माफी मागितली. आम्ही त्यांना काय काय पाजलं! आमच्याकडं गिऱ्हाईक येऊन पहिला प्रश्न विचारतं, “स्ट्राँग आहे का?” दुसरा प्रश्न, “चिल्ड आहे का?” चवीचा प्रश्न ३१ वर्षांत कुणी विचारल्याचं आठवत नाही. ८ टक्क्यांची ६५० मिलिची बाटली, डीप फ्रीजरमधून बर्फ धरलेली, दोघांत एक, आणि वर “शेंगदाणे आण बे!” एवढीच आमची बिअर.

भरणाऱ्याचा हात मी बघितला. कप तिरका धरला, नळाचं तोंड बिअरला न टेकवता ओतली, शेवटी कप सरळ करून दोन बोटं फेस. कप हातात देताना काठाला बोट लावलं नाही, खालून धरला. आमच्याकडं पोराला हे शिकवायला सहा महिने लागायचे. ग्लासात चार बोटं घालून चार ग्लास एकदम उचलणं ही आमची वेटरची शान होती. जाऊ द्या.

एक सल्ला मात्र लिहून ठेवा. मोठा कप घेऊ नका. सोळा औंसांचा कप म्हणजे ४७३ मिलि, आणि तो प्लास्टिकचा. उन्हात दोन इनिंगमध्ये (इथली इनिंग म्हणजे छोटा डाव, एका खेळात नऊ) तो कोमट होतो, आणि कोमट बिअर ही शिक्षा आहे. लहान घ्या, संपवा, पुन्हा जा. पाय मोकळे होतात, आणि मैदान असं आहे की काउंटरकडं चालतानाही वरच्या रुंद गॅलरीतून खेळ दिसत राहतो. गर्दी नको असेल तर इनिंग चालू असताना उठा. इनिंग संपली की सगळे एकदम उठतात, मध्यंतरात थेटरात वडापावच्या खिडकीवर उठतात तसे.

आता आयपीएबद्दल दोन शब्द. इथली तरुण मंडळी हिच्यावर जीव टाकतात. नाव इंडिया पेल एल. म्हटलं, इंडियाची आहे, आपली आहे, घेऊ. कडुलिंबाचा पाला चावून वर मोसंबीची साल चोखावी तशी चव. मुलगा समजावत होता की जुन्या काळी विलायतेहून हिंदुस्थानात गोऱ्या साहेबांसाठी बिअर जहाजानं जायची, लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, जास्त घालायचे, त्यातून ही जात पुढं आली. असेल. पण ज्या इंडियाचं नाव लावलंय तिथल्या एका परमिट रूममध्ये ३१ वर्षांत एकानंही ही मागितली नाही, हेही कुणीतरी नोंदवायला हवं. अर्धा कप सुनेनं संपवला. तिला आवडते. तिच्या आवडीला माझा आक्षेप नाही, मी फक्त माझं सांगतो.

या राज्यात बिअरची एवढी चंगळ आहे ती अगदी अलीकडची, हेही मुलाकडूनच कळलं. नॉर्थ कॅरोलायनानं १९०८ ला मतदान घेऊन दारूबंदी आणली, सगळ्या देशाच्या दारूबंदीच्या कितीतरी आधी. अजूनही व्हिस्की-रम हवी तर सरकारी दुकानातच जावं लागतं. आणि २००५ पर्यंत ६ टक्क्यांच्या वरची बिअर विकायला कायद्यानं मनाई होती. बिअरवाल्या लोकांनी चळवळ करून ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, आणि मग गावोगावी लहान लहान बिअरचे कारखाने निघाले. हे ऐकून मला बरं वाटलं. ड्राय डे, परवाना, बंदी, सरकारी शिक्का, सगळं ओळखीचं. माणूस सगळीकडं सारखाच पितो आणि सरकार सगळीकडं सारखंच बघतं.

आता चकणा. माझा खरा विषय हाच.

मैदानावरच्या खाण्याला जेवण समजून जाऊ नका, निराश व्हाल. तो चकणा आहे, आणि चकण्याची परीक्षा वेगळी असते. आमच्या धंद्यात चांगला चकणा कोणता? जो एका हातानं खाता येतो, नजर न हलवता खाता येतो, आणि खाल्ल्यावर पुढचा घोट मागतो. शेंगदाणे, फुटाणे, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, मीठ-मिरची लावलेली काकडी. बाकी सगळी फॅशन. ही तीन कलमं लावून मी तिथला एकेक पदार्थ बघितला.

पहिला नंबर निर्विवाद शेंगांचा. सोलापूरच्या माणसानं असं म्हटलं की लोक हसतात, पण ऐका. कागदी पिशवीत सालासकट भाजलेल्या खाऱ्या शेंगा येतात. शेंग लांब, कमरेत बारीक, साल जाड आणि खरबरीत. ही व्हर्जिनिया जातीची शेंग, दाणा आपल्या दाण्याच्या जवळजवळ दीडपट. अंगठ्यानं शिवणीवर दाबली की टक्कन उघडते. पहिली शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि थांबलो. मीठ आतल्या दाण्याला होतं! साल अखंड, आणि दाणा खारा. मी ३१ वर्षं खारे दाणे विकले. आमच्याकडं सोललेल्या दाण्याला मिठाचं पाणी मारून गरम वाळूत भाजतात, हे मला माहीत. पण सालाच्या आत मीठ कसं शिरलं? पुढची अर्धी इनिंग मी खेळ बघितलाच नाही, शेंगा उलट्या-सुलट्या करून भोक शोधत होतो. मुलानं फोनवर वाचून सांगितलं की शेंगा मिठाच्या पाण्यात बुडवून दाब देतात, पाणी सालातून आत जातं, मग वाळवून भाजतात. इतकं साधं. सोलापुरात हे कुणी करत असेल तर मला दुकान सांगा, आणि करत नसेल तर एखाद्या पोरानं सुरू करा.

आणि टरफलं? सरळ पायाखाली. कुणी काही म्हणत नाही, तशीच रीत आहे. बायकोला ते काही केल्या जमेना. ती टरफलं रुमालात गोळा करत बसली. शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं, त्यातल्या आजीबाईंच्या ओच्यातही टरफलांची रास. आमच्या सोलापुरात निम्मं गाव पद्मशाली, त्यामुळं मोडकंतोडकं तेलुगू मला येतं. मी म्हटलं, “पल्लीलु बागुन्नाया?” त्या इतक्या खूश झाल्या की पिशवीच पुढं केली. पुढचे चार डाव दोन्ही बायका आपापल्या भाषेत सुनांबद्दल बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं.

शेंगांचा विषय निघालाच आहे तर, इकडं दक्षिणेत उकडलेल्या शेंगाही खातात, मिठाच्या पाण्यात तासन् तास शिजवलेल्या. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यातून विकतात. शेजारच्या साउथ कॅरोलायनानं तर २००६ ला त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ करून टाकलं. गणपतीच्या सुमारास ओल्या शेंगा उकडणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते तुम्हीच समजा. फक्त ते इतक्या शिजवतात की दाणा राजम्यासारखा मऊ होतो. आपण दाताखाली थोडा कस ठेवतो. आपलं बरोबर.

हॉट डॉगवर मी मत देणार नाही. बऱ्याच ठिकाणी ते निव्वळ बीफचे असतात आणि मी बीफ खात नाही. पण न खाताही कारागिरी दिसते. इकडची कॅरोलायना पद्धत म्हणजे वर खिम्याची घट्ट चिली, बारीक चिरलेल्या कोबीचं कोशिंबिरीसारखं स्लॉ, कच्चा कांदा आणि पिवळी मोहरी. पाव वाफेवर मऊ केलेला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड गृहस्थानं असे दोन हॉट डॉग एका हातात धरून, दुसऱ्या हातात बिअर, शर्टावर एक थेंब न सांडता संपवले आणि मधल्या काळात हवेत आलेल्या फाउल बॉलसाठी, म्हणजे रेषेबाहेर उडालेल्या चेंडूसाठी, उडीही मारली. तीनही कलमांत पास. माणूस पास, पदार्थाला मी फक्त साक्षीदार.

बार्बेक्यू म्हणजे इथं डुकराचं मटण, तासन् तास मंद आचेवर शिजवून धागे काढलेलं, पावात भरून. मी ६२ वर्षांत डुक्कर खाल्लं नव्हतं. मुलाच्या सँडविचमधला एक घास घेतला, बायकोनं तोंड फिरवलं. आणि काय सांगू, चव ओळखीची! मटणाची नाही, वरच्या रश्शाची. पूर्वेकडच्या पद्धतीत टोमॅटो नाही, नुसतं व्हिनेगर, लाल मिरचीची भरड आणि मीठ. आमच्या परमिट रूममध्ये चायनीजबरोबर टेबलावर जी मिरच्या बुडवलेली व्हिनेगरची बाटली असते, अगदी तीच. पश्चिमेकडं लेक्सिंग्टनला त्यात थोडं केचप घालतात आणि नुसता खांद्याचा भाग वापरतात, पूर्वेकडचे अख्खं जनावर भाजतात, आणि यावरून दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर येतात. तांबडा-पांढरा रस्सा कुणाचा चांगला यावर जशी आपली भांडणं, तशीच. डरहॅम पडतं मधोमध, तेव्हा इथली माणसं दोन्हीकडचं खातात आणि दोन्हीकडची भांडणं ऐकतात. चकणा म्हणून मात्र बार्बेक्यू नापास. रस गळतो, दोन हात लागतात, आणि खाल्ल्यावर घोट नाही, झोप मागतो.

नाचोज. मक्याच्या चिप्सवर पंपातून पिवळं चीज सॉस, वर खारवलेल्या मिरच्या. हा प्रकार बेसबॉलच्या मैदानावर आणला फ्रँक लिबर्टो नावाच्या गृहस्थानं, १९७६ ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टन स्टेडियमवर. धंद्याच्या दृष्टीनं त्याची अक्कल मानली पाहिजे. खरं चीज वितळायला वेळ लागतो, रांग तुंबते. सॉस पंपातून दोन सेकंदांत पडतो, गिऱ्हाईक पुढं. पण खाणाऱ्याच्या दृष्टीनं, ते सॉस गरम असेपर्यंत मजा. थंड झालं की वर साय धरते आणि चिप्स लाह्यांसारख्या मऊ पडतात. घेतलंत तर चौघांत एक घ्या आणि तीन मिनिटांत संपवा. आमच्या शेव-फरसाणाला ही काळजी नाही.

शाकाहारी माणसाचं काय? माझी बायको शाकाहारी, त्यामुळं हा प्रश्न मला जवळून माहीत आहे. शेंगा, पॉपकॉर्न, फ्रेंच फ्राइज आणि प्रेट्झेल, म्हणजे पिळून गाठ मारलेला मऊ पाव, वर मिठाचे खडे. प्रेट्झेल तिला आवडला. “खारी बिस्किटाचा मोठा भाऊ” म्हणाली. फ्राइज मिळमिळीत लागल्या तेव्हा तिनं इकडंतिकडं बघून पर्समधून एक पुडी काढली. सोलापूरहून आणलेली शेंगा चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. फ्राइजवर भुरभुरली. मी एक खाल्ली. मुलानं दोन खाल्ल्या. सून, जी एरवी आम्हाला बाहेरचे नियम सांगत असते, तिनं फ्राइजचा डबाच आपल्याकडं ओढला. मी काही काळ त्या कोल्शबरोबर शेंगा चटणी लावलेल्या फ्राइज खात बसलो आणि समोर कोण जिंकतंय याचं मला काहीही देणंघेणं नव्हतं.

नातवाचं दैवत वेगळं. त्याला आइस्क्रीम हवं असतं ते प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये. आइस्क्रीम साधंच, मशीनमधलं मऊ. पण हेल्मेट घरी न्यायचं. सध्या घरात तीन झाली आहेत. एकात बायकोनं मोहरी ठेवली आहे.

सगळीकडंच असं असतं असं नाही. भाचा दुसऱ्या राज्यात असतो, तिथंही एका मायनर लीगच्या मैदानावर गेलो होतो, नाव घेत नाही. तिथं प्रेट्झेल आतून गार होता, बिअर नळातून निम्मी फेस होऊन येत होती आणि पोरगं फेस चमच्यानं काढून टाकत होतं. नळाची पाइप धुतलेली नव्हती, हे मला वासावरून कळलं. काउंटरवरचं फडकं ओलं आणि करडं. मी आधीच म्हटलं ना.

किमतीचं बोलायचं तर, रुपयांत हिशेब करू नका, घास उतरणार नाही. मी पहिल्या दिवशी शेंगांच्या पिशवीचे रुपये केले आणि एकेक दाणा मोजून खाल्ला. मैदानात सगळंच बाहेरच्यापेक्षा महाग, थेटरातल्यासारखं. आणि आमच्याकडं चकणा फुकट असतो, ही गोष्ट इथं कुणाला पटत नाही. शेजारच्या अमेरिकन गृहस्थाला मी सांगितलं की आम्ही बिअरबरोबर शेंगदाणे फुकट द्यायचो. तो म्हणाला, “मग तुम्ही कमावत कसे होतात?” मी म्हटलं, “खारे होते ना.” त्याला समजायला दोन सेकंद लागले, मग मात्र त्यानं पाठीवर थाप मारली.

एक गोष्ट लक्षात घ्या. खेळ आता पूर्वीइतका लांबत नाही. २०२२ पासून मायनर लीगमध्ये सगळीकडं पिच क्लॉक आलंय, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला घड्याळ लावलंय, त्यामुळं खेळ साधारण २५ मिनिटांनी कमी झाला. बघणाऱ्याला बरं, पण काउंटरवाल्याची २५ मिनिटं गेली. धंद्यातल्या माणसाला २५ मिनिटं म्हणजे काय ते विचारा. आणि बिअर शेवटपर्यंत मिळत नाही. सातव्या इनिंगच्या आसपास काउंटर आवरायला लागतात. तेव्हा सातव्या इनिंगच्या मध्ये सगळं मैदान उभं राहून हातपाय ताणतं आणि गाणं म्हणतं, त्या आधीच उठा.

चौथ्या खेपेला मी उशिरा उठलो. काउंटरवर माझ्याच वयाचा एक गोरा माणूस होता, मिशा पांढऱ्या, कमरेला फडकं. नळाखालची ट्रे काढून धूत होता. मी पासपोर्ट काढला. त्यानं मान हलवली, घड्याळ दाखवलं. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, “आय ऑल्सो, सेम वर्क. थर्टी वन इयर्स. इंडिया.” तो थांबला. माझ्याकडं नीट बघितलं. हात फडक्याला पुसून काउंटरवरून पुढं केला, मी हातात घेतला. तळहात बघितला त्याचा, बाटल्यांच्या पेट्या उचलून अंगठ्याखाली घट्टा पडतो, तसा होता. मग त्यानं एक कप उचलला, खालून धरून, काठाला बोट न लावता, नीट भरला आणि माझ्यापुढं ठेवला.

पाणी होतं. बर्फ घालून दिलं होतं, एवढंच. लास्ट ऑर्डर होऊन गेली होती, आणि त्याच्या जागी मी असतो तरी मी तेच केलं असतं.